डावीकडची पेटी

माझा थोरला भाऊ आणि मी अकरा वर्षं एकाच जागी काम करत होतो, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो आणि एकमेकांशी अक्षरही बोलत नव्हतो. लोकांना वाटायचं, एवढं वैर म्हणजे मागे जमीनजुमला असणार. तसलं काही नव्हतं. बाबा गेले तेव्हा त्यांच्यामागे गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर आणि पानं उडवायचा एक चाकांचा ब्लोअर, एवढंच उरलं. थोरल्याने ट्रॅक्टर घेतला. बसून चालवायचं यंत्र थोरल्याला आणि ढकलत न्यायचं धाकट्याला, हे कुठल्या न्यायात बसतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. भेटायला आलेल्या माणसांसमोर तो म्हणाला, "ब्लोअर ढकलायला दंडात जोर लागतो, डोकं लागत नाही. तो याच्याकडेच बरा." मी म्हणालो, "आणि ट्रॅक्टरवर बसायला बूड लागतं, ते तुझ्याकडे भरपूर आहे." बस, एवढंच. तोंडं बंद झाली ती झालीच.

काम बाबांचंच पुढे चालू होतं. ज्यांची हाडं मोडली आहेत किंवा ज्यांच्या अर्ध्या अंगातली ताकद गेली आहे अशा लोकांना पुन्हा चालायला शिकवायचं ते रुग्णालय. नऊ एकर आवार, जुनी दांडगी झाडं आणि त्यांच्यामधून गेलेले पायरस्ते. सकाळी आठला पेशंट काठ्या आणि वॉकर घेऊन या रस्त्यांवर उतरतात. ओल्या पानावर काठी पडली की माणूस पडला. म्हणून पानगळीचे दोन महिने आठच्या आत रस्ते लख्ख हवेत, हा नियम बाबांच्या वेळेपासूनचा. बागेचं काम आमच्या दोघांच्या नावावर, यंत्रं आमची आणि मागच्या बाजूच्या जोडखोल्या रुग्णालयाच्या. काम गेलं की खोलीही गेली.

मध्ये होती वहिनी. ती रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींच्या मशीनवर होती. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, तेव्हापासून मला ती भाऊजी म्हणते आणि मी तिला अगंतुगं करतो. आमचे सगळे निरोप तिच्यामार्फत जायचे, आणि निरोप नेताना ते धुऊन, पिळून, इस्त्री करून न्यायची तिला सवय होती. भिंत पातळ आणि थोरल्याचा आवाज मोठा, त्यामुळे मला मूळ मालही ऐकू यायचा. पलीकडून थोरला ओरडायचा, "त्या उंडग्याला सांग, माझ्या दारासमोर पुन्हा पानांचा ढीग लावलास तर त्यातच तुला पुरीन." दोन मिनिटांनी वहिनी माझ्या दारात. "भाऊजी, हे म्हणत होते, ढीग जरा पलीकडे लावलात तर बरं होईल." मी दारातच हळू म्हणायचो, "त्याला म्हणावं, पुरायला आधी खड्डा खणावा लागतो. वाकता येतं का तुला?" आणि मग भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "भाऊजी हो म्हणाले."

तिच्या या उद्योगामुळे मला एक खोड लागली. तिचा निरोप आला की मी मनातल्या मनात त्यात शिव्या परत घालायचो. ती म्हणाली 'बरं होईल' की मी समजायचो, त्याने आईबाप काढले असणार. भिंतीआडून न ऐकलेल्या निरोपांचंही मी असंच करायचो, आणि माझा अंदाज सहसा चुकायचा नाही. माझ्या भावाला मी चांगला ओळखून होतो, असा माझा समज होता.

मागच्या वर्षी माझे हात गेले. गेले म्हणजे जागच्या जागी आहेत, पण अकरा वर्षं ब्लोअरच्या दांड्याची थरथर खाऊन सकाळी बोटं पांढरी पडायची आणि दुपारपर्यंत त्यांत जीव यायचा नाही. शर्टाची बटणं लावायला मला दहा मिनिटं लागायला लागली. रुग्णालयाच्याच डॉक्टरांनी लिहून दिलं, की या माणसाने यापुढे थरथरणारं यंत्र हातात धरायचं नाही. ती चिठ्ठी मॅनेजरबाईंच्या टेबलावर गेली. बाई वाईट नाहीत, पण त्यांना गोल गोल बोलता येत नाही. "ब्लोअर ढकलायला तुम्हाला मी आता परवानगी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "तो ट्रॅक्टरवर बसवता येतो, मी पाहिलंय. पानगळीच्या आत बसवा. नाही जमलं तर तुमचं नाव मला काढावं लागेल. तुमच्या भावाचं राहील."

'तुमच्या भावाचं राहील' हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे, ब्लोअर बसवायचा तर त्याच्याच ट्रॅक्टरवर. म्हणजे मला त्याच्याकडे मागायला जायचं होतं. दोन दिवस मी मूग गिळून बसलो. तिसऱ्या दिवशी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? मी बघते." त्या रात्री भिंतीपलीकडे बराच वेळ आवाज चढत-उतरत होते, आणि सकाळी ती अटी घेऊन आली. ट्रॅक्टरला एकही भोक पाडायचं नाही. पुढे काही लावायचं नाही, समोरचं दिसत नाही. मागे लावायचं नाही, तिथे ट्रॉलीचा हुक आहे. आणि चालवणार तोच.

भोक न पाडता, पुढे नाही नि मागे नाही, तर मग साठ किलोचं धूड मी काय त्याच्या डोक्यावर बसवू? हे मी वहिनीला विचारलं. पलीकडे जाऊन तिने काय सांगितलं कोण जाणे.

उरली एक बाजू. ब्लोअरचं तोंड उजवीकडे वारा फेकतं, म्हणून उजवी. मी भंगारातून लोखंडी अँगल आणले, कापले, वेल्ड केले आणि ट्रॅक्टरच्या सांगाड्याला खालून चार क्लॅम्पनी आवळले. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं, म्हणजे साहेबांच्या रंगाला ओरखडा नको. ब्लोअरची चाकं आणि दांडा काढून टाकला. भोक पाडायचं नाही आणि चाकालाही अडायला नको, म्हणून चौकट हातभर बाहेर काढावी लागली. रेसची केबल ओढून सीटजवळ आणली. एरवी चार दिवसांचं काम, मला चौदा दिवस लागले, कारण नट बोटांतून निसटायचा आणि मी शेडच्या फरशीवर गुडघे टेकून तो शोधत बसायचो. एकदा मान वर केली तर थोरला शेडच्या दारात उभा. मी नट शोधत होतो आणि तो बघत होता. मग निघून गेला. मला वाटलं, मनातल्या मनात हसत गेला असेल.

चाचणी शेडसमोरच्या सपाट अंगणात झाली. थोरला बसला, ट्रॅक्टर सुरू केला, मग ब्लोअर. आवाज असा, की दोन्ही इंजिनं एकमेकांवर खेकसताहेत. पण पानं! हातभर उंचीचा थर एका फेरीत भिंतीपर्यंत गेला. मला जे करायला दीड तास लागायचा ते त्याने सहा मिनिटांत केलं. मी उजव्या बाजूला उकिडवा बसून ब्लोअरच्या तोंडाचा कोन बघत होतो. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला होता. माझं नाव राहणार होतं, खोली राहणार होती. थोरल्याने दोन-तीनदा वळवून पाहिलं, खाली उतरला, डाव्या बाजूला जाऊन पुढच्या चाकाशी वाकला, काहीतरी पुटपुटला आणि सरळ लाँड्रीकडे चालू लागला. वहिनीची पाळी चालू होती. चादरींच्या मशीनच्या धडधडाटात त्याने तिला काय सांगितलं ते या खेपेला मला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी वहिनी दारात आली. चेहरा हसरा. "भाऊजी, यांना फार आवडलं. म्हणाले, काम झकास झालंय."

"तो म्हणाला? झकास?"

"म्हणजे तसंच काहीतरी. फक्त डावीकडेही काहीतरी बसवा म्हणाले. एकाच बाजूला सगळं आहे ना, ते बरं दिसत नाही. डावीकडे काही असलं की शोभेल."

शोभेल! मी नेहमीप्रमाणे शिव्या परत घातल्या. चौदा दिवस फरशीवर रांगून केलेल्या कामात त्याला खुसपट काढायचंच होतं, आणि ते सापडलं तर कुठे, तर दिसण्यात. माझी चौकट लंगडी दिसते म्हणे. मी डोक्यात तो निरोप नीट तयार करून ऐकला: 'त्या गाढवाला सांग, एका अंगाला गळू आल्यासारखं दिसतंय.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांब, तुला शोभाच पाहिजे ना?

शेडमध्ये पत्र्याची एक जुनी पेटी पडली होती. मी ती घासली, ट्रॅक्टरच्याच हिरव्या रंगात दोन हात रंगवली, डावीकडे तेवढ्याच उंचीवर दोन क्लॅम्पनी बसवली आणि पुढे छानशी कडी लावली. आत टाकले माझे हातमोजे आणि एक पाना. बाहेरून पाहिलं तर वाटावं, कारखान्यातूनच आलीय. राजेसाहेबांच्या सिंहासनाला दोन्हीकडून शोभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोरला आला. ट्रॅक्टरला वळसा घातला, पेटीसमोर थांबला. मग माझ्याकडे पाहून त्याने मान डोलावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, जिरली. टोमणा मारून वर पेटी मिळाली, आता बोलायला तोंड राहिलं नाही. मी हाताची घडी घालून मिशीत हसत उभा राहिलो. हसत होतो हे मी लपवून ठेवणार नाही.

पुढचे रस्ते सव्वासातपर्यंत झाले. मी मागून दाताळ्याने कोपरे ओढत होतो. मग राहिला लाँड्रीमागचा उतार. तिथे रस्ता उताराला आडवा जातो, आणि पानं खाली ढकलायची म्हणजे ट्रॅक्टरची उजवी बाजू खालच्या अंगाला ठेवून जायचं. ब्लोअर ढकलताना मी तिथे रोज घसरायचो. थोरला वरून वळला, आडवा लागला आणि त्याने रेस वाढवली.

डावं पुढचं चाक उचललं गेलं. मग मागचं. मी ते बघत होतो आणि मला ते कळत नव्हतं. ट्रॅक्टर घाईत नव्हता. कुणी हात देऊन झोपवावा तसा तो उजवीकडे कलंडला, चौकट मातीत रुतली, आणि थोरला खालच्या अंगाला पडला तो डाव्या मांडीवर मडगार्ड घेऊनच. सीटवरून माणूस उठला की ट्रॅक्टरचं इंजिन आपोआप बंद पडतं, ते पडलं. पण ब्लोअरचं इंजिन वेगळं. ते मातीत तोंड खुपसून किंचाळत राहिलं, ढेकळं उडवत राहिलं. मी धावलो, स्विच शोधून बंद केला. मडगार्डला हात घातला. पकडच येईना. सकाळची वेळ, बोटं पांढरी, लाकडाची. मी मनगटं घातली, खांदा घातला, ट्रॅक्टर हलेना. आवाजाने लाँड्रीतल्या बाया धावत आल्या, त्यांत वहिनीही. पाच जणींनी मिळून ट्रॅक्टर उचलला आणि मी थोरल्याला काखेत धरून ओढलं.

कलंडताना पेटीची कडी निघाली होती. झाकण उघडं, आणि हातमोजे नि पाना उतारावर पडलेले. थोरल्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे त्या मोज्यांवर होते.

"रिकामी?" तो मला म्हणाला. "पेटी रिकामी होती?"

अकरा वर्षांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द. त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं नाही. वहिनीला मात्र कळलं.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि खुबाही. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण धड चालायला वर्ष जाईल, आणि ट्रॅक्टरवर पुन्हा बसेल याची खात्री नाही. संध्याकाळी वहिनी कपडे न्यायला घरी आली आणि माझ्या दारात उभी राहिली.

"यांनी 'शोभेल' म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"मग काय म्हटलं होतं?"

"म्हणाले, त्या गाढवाला सांग, डावं चाक जमीन सोडतंय. डावीकडे पन्नास किलो लोखंड बांध, नाहीतर उतारावर माझा जीव घेशील."

"कसं सांगणार होते मी?" ती म्हणाली. "तुमचं किती दिवसांनी काहीतरी चांगलं होत होतं. चेहरा केवढा उजळला होता तुमचा. आणि हे पुन्हा गाढव म्हणाले, जीव घेशील म्हणाले. मला वाटलं, काहीतरी बांधा म्हटलं की तुम्ही बांधालच. तुम्हाला यंत्रातलं कळतं."

मग मी तिला नको ते बोललो. तुझ्या या गोड जिभेने आज माणूस मारला असता, म्हणालो. अकरा वर्षं तू आम्हाला खरं काही ऐकूच दिलं नाहीस, म्हणालो. दोघे भांडून, डोकी फोडून एकदाचे मोकळे झालो असतो, तेही तू होऊ दिलं नाहीस. ती पिशवी छातीशी धरून ऐकत राहिली. शेवटी मी म्हणालो, "बाई चौकशीला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे सगळं सांगायचं. जसंच्या तसं. माझी खोली मला सोडायची नाही." ती म्हणाली, "सांगते." मला तिची दया आली नाही. निरोपातून तिने शिव्या गाळल्या असतील, हे मी अकरा वर्षं ओळखत आलो होतो. या खेपेला तिने इशाराच गाळला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

चौथ्या दिवशी मॅनेजरबाई छापील कागद घेऊन शहरातल्या हॉस्पिटलात आल्या. खोली दुसऱ्या मजल्यावर, दोन खाटांची, दुसरी रिकामी. थोरल्याचा पाय वजन लावून टांगलेला. वहिनी स्टुलावर, हातात पाण्याचा पेला. मी दाराशी उभा, कारण आत कुणी बस म्हणालं नव्हतं. बाईंनी खाटेच्या कडेला टेकून पेन काढलं. अपघात कसा झाला, कुठे झाला, ते लिहून घेतलं. मग विचारलं, "यंत्र धोक्याचं आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं का?"

"माझ्या," थोरला म्हणाला. "आदल्या दिवशीच. निरोपही दिला. वजन बांध म्हणून."

"कुणाकडे दिला?"

"हिच्याकडे."

बाईंनी वहिनीकडे पाहिलं. "आणि तुम्ही तो पोचवलात?"

वहिनीने पेला टेबलावर ठेवला. तिने उत्तर देण्याआधी थोरलाच बोलला. त्याला धाप लागत होती, पण बोलायचं होतं.

"ती पोचवणार नाही असं होईल का? मॅडम, मी कडू माणूस आहे. माझं कुणाशी जमत नाही, हा भाऊ तर तुमच्यासमोरच आहे. पण अकरा वर्षांत हिने माझा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. एक ही सोडली तर जगात माझा कुणावर विश्वास नाही. पोचवला की नाही, हे हिला विचारूच नका. याला विचारा."

वहिनीचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. तो पाहिला नसता तर बरं झालं असतं. तिने तोंड उघडलं. ती सांगणार होती. मला कबूल केल्याप्रमाणे, जसंच्या तसं, सगळं. आणि मी तिच्या नवऱ्याला ओळखत होतो. मला त्याने एका बोलण्यावरून अकरा वर्षं वाळीत टाकलं. मी तरी भिंतीपलीकडे राहत होतो. ती कुठे जाणार होती?

"पोचवला," मी म्हणालो. "तिने मला शब्दन् शब्द सांगितला. पन्नास किलो म्हणाली. चाक उचलतंय म्हणाली. मीच रिकामी पेटी लावली."

बाईंचं पेन थांबलं. "का?"

"राग आला म्हणून. मला गाढव म्हणाला होता."

"भाऊजी," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," मी तिच्यावर खेकसलो. "तुझं काम झालं, तू निरोप दिलास. पुढचं माझं."

बाई म्हणाल्या, "हे मला असंच लिहावं लागेल. याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?" मी हो म्हणालो. त्यांनी लिहिलं, कागद माझ्यापुढे धरला. मी सही केली. पेन बोटांत टिकत नव्हतं म्हणून मुठीत धरून केली. आठवड्याच्या आत खोली रिकामी करावी लागेल, शेडची किल्ली ऑफिसात द्यावी, असं सांगून बाई निघून गेल्या.

थोरला छताकडे बघत होता. "माझा पाय," तो म्हणाला. पुढचं थेट मला म्हणाला, कुणाच्या मार्फत नाही. "एका शिवीपायी. मी मेलो असतो तर तुला गोड वाटलं असतं. निघ इथून. पुन्हा माझ्या नजरेला पडू नकोस."

मला खूप काही बोलायचं होतं. चौकट हातभर बाहेर का काढावी लागली ते बोलायचं होतं. भोक पाडू दिलं असतंस तर ती आत बसली असती, हे बोलायचं होतं. तुझ्या अटी आणि माझी एक खोड, अर्धा पाय तूच मोडलायस, हेही बोलायचं होतं. मी निघालो.

वहिनी मागोमाग बाहेर आली. जिन्याजवळ तिने माझी बाही धरली. "मी आत जाऊन सांगते त्यांना. आत्ताच सांगते."

"सांगून बघ," मी म्हणालो. "माझी खोली गेली ती गेलीच, सही झाली. आता तू सांगितलंस तर दोन माणसं जातील आणि त्याला पाणी पाजायला कुणी उरणार नाही. वर्षभर त्याला उचलून बसवायचंय कुणी? मी?"

"तुम्ही कुठे जाणार?"

"जाईन कुठेही. तुला काय करायचंय?"

"हात दाखवा कुणाला तरी."

"वहिनी, मला तुझा राग आलाय," मी म्हणालो. "फार आलाय. तो जाईल असं मला वाटत नाही. तू आत जा."

ती आत गेली. दार तिने नीट लावलं नाही. मी जिन्याकडे वळलोच होतो, तेवढ्यात थोरल्याचा आवाज आला.

"काय म्हणत होता तो?"

"माफी मागत होते," ती म्हणाली. "रडत होते. म्हणाले, दादाला सांग, माझं चुकलं."

मी माफी मागितली नव्हती. रडलो नव्हतो. मी त्याला जन्मात दादा म्हटलं नसेल, गेल्या अकरा वर्षांत तर नाहीच. नोकरी गेली, खोली गेली, तिच्यापायी खुनशी माणूस ठरलो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत या बाईने मला रडवून, नाक घासायला लावून त्याच्या पायाशी आणून बसवलं होतं. माझं डोकं असं भडकलं, की मी उलटा फिरलो आणि दाराच्या मुठीला हात घातला.

आतून थोरल्याचा आवाज आला. कसातरीच, बारीक. "दादा म्हणाला?"

"हो," वहिनी म्हणाली.

मी मुठीवरचा हात काढला आणि जिना उतरून खाली आलो.